आईचा फोन फुगला: रात्रभर चार्जिंगचा दोष की आणखी कशाचा?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. जाणकारांनी लवकर उत्तर द्यावं ही विनंती.

आईचा फोन चार वर्षांचा आहे. काल सकाळी तिनं तो ओट्यावर ठेवला आणि बोट लागलं तर भिंगरीसारखा गरकन फिरला. उचलून बघतो तर मागचं झाकण मधोमध फुगलंय आणि डाव्या कडेला स्क्रीन उचकटून नख आत जाईल एवढी फट पडलीय. फोन अजून चालतो. कॉल लागतात, कीर्तनही वाजतं.

घरात लगेच वाद. बाबा म्हणतात, "रात्रभर चार्जिंगला लावून झोपतीस, मग फुगंल न्हाईतर काय हुईल?" आई म्हणते, "तुमचाबी त्याच बोर्डाला असतोय की रात्रभर, त्यो का न्हाई फुगला?" मुद्दा बिनतोड आहे. दोघांचे फोन साडेदहाला लागतात आणि पहाटे साडेपाचला निघतात. फरक दोनच. बाबांचा खिडकीत असतो. आईचा उशीखाली, कारण झोप लागेपर्यंत तिला कीर्तन ऐकायचं असतं. आणि आईच्या कव्हरात मागच्या बाजूला शंभराची नोट, आधार कार्डाची झेरॉक्स आणि जोतिबाचा फोटो अशी चवड असते.

दोन दुकानं फिरलो. एकानं सांगितलं, या मॉडेलची बॅटरी येत नाही. दुसऱ्यानं आठशे रुपयांत एक्सचेंज करून नवा घ्यायला सांगितलं. नवा घ्यायला माझी ना नाही. पण या फोनात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, जवळजवळ पाऊण तासाच्या. आजी आता नाही. त्या दुसरीकडे कुठं काढून ठेवलेल्या नाहीत, ही माझी चूक, मान्य.

तर प्रश्न असे: रात्रभराच्या चार्जिंगनं बॅटरी फुगते का? आणि बॅटरी बदलावी की फोन?

तांबडा_पांढरा

उत्तरं नंतर वाचा. आधी फोन बंद करून चार्जरपासून लांब ठेवा.

राजारामपुरीचा_कारागीर

वरच्यांना अनुमोदन. मी मोबाईल दुरुस्तीच करतो, सोळा वर्षं झाली. म्हणून जरा खडसावून सांगतो, राग मानू नका.

चार्जिंगला अजिबात लावायचा नाही. झाकण दाबून बसवायचं नाही. गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक असाच फोन रबरबँडनं आवळून घेऊन आलं होतं, वर चिकटपट्टी. आत बॅटरीचं पाकीट इतकं ताणलेलं की कोपरा उलगडायला आलेला. दुसऱ्या एकानं हवा जाऊ दे म्हणून टाचणी टोचली. टोचली तशी सूं करून धूर आला, टेबलाचा सनमायका जळाला आणि बोटांना फोड आले. आत असतो तो ज्वलनशील वायू, सायकलच्या ट्यूबातली हवा नव्हे.

फोन बंद करून फरशीवर ठेवा. वाळूची पाटी असेल तर उत्तम. कपाटात, गादीवर, गाडीच्या डिकीत नको.

आता ओव्यांचं. रेकॉर्डिंग बॅटरीत नसतं, बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतं. बॅटरी काढली तरी ते कुठं जात नाही. त्यामुळं कॉपी करण्यासाठी हा फोन फुगल्या अवस्थेत चालू करायची गरज नाही. जुनी बॅटरी काढायची, नवी घालायची आणि मग निवांत काढून घ्यायचं. आईंना सांगा, ओव्या आहेत तशा आहेत.

शाहूपुरीकर

@राजारामपुरीचा_कारागीर, फार मोठं ओझं उतरवलंत. फोन बंद करून तुळशीच्या कट्ट्याजवळ वाळूच्या पाटीत ठेवलाय. आई दोनदा जाऊन बघून आली.

रसायनाच्या_बाई

बॅटरी का फुगते, हे अकरावी-बारावीच्या मुलांना मी दरवर्षी सांगते, तेच इथं लिहिते.

फोनमधली बॅटरी लिथियम-आयन. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला बहुधा कोबाल्ट असलेलं ऑक्साइड, आणि मधे सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. सोनीनं ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली. ज्यांच्या कामावर ती उभी आहे त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कोणी नाही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

मधला जो द्रव आहे तो हळूहळू विघटित होत असतो. त्यातून वायू तयार होतात. बॅटरीचं पाकीट बंद, वायू जाणार कुठं? पाकीट फुगतं. हे विघटन दोन गोष्टींनी वाढतं: उष्णता, आणि बॅटरी भरलेल्या अवस्थेत बराच वेळ राहणं. भरलेल्या सेलचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, नव्या फोनांत त्याहून थोडा जास्त. रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट होतो.

म्हणून उशीखालचा फोन ही दोन्ही कारणं एकत्र आणतो. रात्रभर १०० टक्के, आणि वर कापूस. शिवाय पाठीला कागदांची चवड, म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाटही बंद. वडिलांचा फोन खिडकीत वाऱ्याला होता. चार वर्षांत एवढ्यानं फरक पडू शकतो.

उद्यमनगरी

बाईंनी छान लिहिलंय. मात्र "रात्रभर चार्जिंग म्हणजे विष" असा अर्थ कोणी काढू नये. फोनमधलं सर्किट बॅटरी भरली की आत जाणारा प्रवाह स्वतःच थांबवतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे बघा. धरण भरलं की कोणी बटण न दाबता आपोआप उघडतात, माणूस झोपलेला असो की जागा. तसंच समजा.

पाटबंधारे_निवृत्त

@उद्यमनगरी, उदाहरण आवडलं, पण बसत नाही. राधानगरीला पाणी येतच राहतं, दरवाजे जादाचं पाणी भोगावतीत सोडतात. बॅटरीला जादा सोडून द्यायची सोयच नाही, येणारंच बंद करावं लागतं. म्हणजे घरावरच्या टाकीतला बॉलकॉक. टाकी भरली की चेंडू वर येतो, तोटी बंद. थोडं पाणी वापरलं की चेंडू खाली, पुन्हा धार. रात्रभर फोन तेच करतो, ९९ ला आला की पुन्हा थोडं भरतो.

नोकरीत असताना पावसाळ्याच्या रात्री त्या दरवाजांकडं डोळे लावून बसलोय, म्हणून राहवलं नाही.

उद्यमनगरी

मान्य काका. बॉलकॉकच बरोबर.

जुना_गडी

आम्हाला तर दुकानदारानं सांगितलं होतं, नवा फोन आधी आठ तास चार्ज करा आणि दर वेळी पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका. मी आजही शून्यावर आणूनच लावतो. हे चूक का?

रसायनाच्या_बाई

@जुना_गडी, तो सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. ती अर्धी वापरून पुन्हा भरत गेलं की तेवढीच क्षमता "लक्षात ठेवायची". लिथियम-आयनला हा दोष जाणवण्याइतका नसतो. उलट तिला दर वेळी शून्यावर नेणं सोसत नाही. २५-३० टक्क्यांवर आली की लावा, ८०-९० ला काढता आली तर काढा. आणि एक चार्ज सायकल म्हणजे एकदा पिन लावणं नव्हे. आज ५० टक्के भरली आणि उद्या ५० टक्के, तर दोन्ही मिळून एक सायकल.

बिंदू_चौक

जुन्या बॅटऱ्यांवरून आठवलं. २००७ चा ऑगस्ट कोणाकोणाला आठवतो? नोकियानं बीएल-५सी बॅटऱ्यांची सूचना काढली होती, ४ कोटी ६० लाख नग, मत्सुशिता कंपनीनं बनवलेले, चार्जिंग करताना जास्त तापण्याची शक्यता असलेले. चौकात चहाच्या गाड्यावर प्रत्येक जण फोनचं पाठ उघडून बॅटरीवरचा नंबर वाचत बसलेला. माझ्या मामानं तर बॅटरी काढून आठ दिवस अंगणात ठेवली होती.

पण नख घातलं की पाठ उघडायची आणि बॅटरी हातात यायची, हे किती बरं होतं! शंकेची बॅटरी काढून बाजूला ठेवता यायची. आज शाहूपुरीकरांना तेच करायला दुकानं फिरावी लागतायत.

राजारामपुरीचा_कारागीर

@बिंदू_चौक, मनातलं बोललात. युरोपियन महासंघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी वापरणाऱ्याला साध्या हत्यारांनी बदलता आली पाहिजे. आपल्याकडंही असं व्हायला पाहिजे. माझा धंदा थोडा कमी होईल, होऊ दे. डिंकानं चिकटवलेल्या बॅटऱ्या उचकटताना हात कापतो आमचा.

कागलचा_गुळव्या

बाईंनी उष्णतेचं लिहिलं ते मला आमच्या गुऱ्हाळात पटलंय.

हंगामात मी चुलवाणापाशी उभा असतो, पहाटे चारपासून. काहिलीत रस चढला की बाजूला व्हायला येत नाही. मळी काढायची, भेंडीचं पाणी घालायचं, फेसाचा रंग बघायचा. फोन पहिल्यांदा चुलवाणामागच्या कोनाड्यात ठेवायचो, तिथंच चार्जर. तीन हंगामांत दोन फोनांच्या बॅटऱ्या गेल्या. एकाचं पाठ उचललं, दुसरा सत्तर टक्क्यांवरून एकदम बंद पडायचा. मला वाटायचं धुराट्याचा धूर आत जातोय.

आता फोन वाफ्याच्या पलीकडं, ढेपा ठेवतो त्या थंड खोलीत खुंटीला पिशवीत टांगतो. चौथा हंगाम चाललाय, बॅटरी धड आहे. कोणाचा फोन आला तर पोरगं हाक मारतंय. गुळाचा पाक एका अंशानं पुढं गेला तर ढेप बिघडते हे आम्हाला कळतंय, मग बॅटरीला ऊब सोसत नाही हे का नाही कळलं एवढे दिवस, याचंच नवल वाटतं.

तांबडा_पांढरा

@कागलचा_गुळव्या, फार सुंदर लिहिलंत. काकवी मिळेल का यंदा?

कागलचा_गुळव्या

या की. डबा घेऊन या.

पुण्यातला_करवीरकर

थोडा वेगळा सूर लावतो. भावना समजू शकतो, पण चार वर्षं जुन्या फोनवर खर्च करू नये असं माझं मत. कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट बंद झाले असतील. आई त्याच फोनवरून पैसे पाठवत असतील, बँकेचे ओटीपी त्यावरच येत असतील. बॅटरी नवी आणि आतली कुलपं जुनी, हा सौदा धोक्याचा आहे. ओव्या काढून घ्या आणि दहा-बारा हजारांचा नवा घ्या.

चिखलीची_लेक

@पुण्यातला_करवीरकर, दादा, अपडेटचं तुमचं खरं हाय. पण दहा-बारा हजार ही आमच्यात दोन महिन्यांची दुधाची पट्टी. बॅटरी बदलून अकराशे-बाराशेत काम हुतंय तर का करू नये? पैशाचं ॲप घरातल्या दुसऱ्या फोनात घालावं, आईचा फोन कीर्तनाला आणि बोलायला ठेवावा.

आणि ८० टक्क्यांवर काढा म्हणता, ते उन्हाळ्यात ठीक हाय. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात मी चिखलीतच हुतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. लाईट आधीच गेलेली. माझा फोन ६२ टक्के, जाऊबाईचा ४०, सासऱ्यांचा साधा बटणांचा फोन ९० च्या पुढं. पुढचे दिवस त्या साध्या फोनानं काढले. रोज सकाळी एकदा चालू करायचा, सोनतळीच्या भावकीला "आमी बरं हाय" एवढं सांगायचं, बंद. माझा फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एकदा चार्ज केला, तेबी गच्चीवर ट्रॅक्टरची बॅटरी चढवून, दिरानं. दोरी लावून ओढली.

तवापासून जून लागला की माझा फोन रोज रात्री शंभरला असतो. बॅटरी वर्षभर आधी मेली तर मरू दे. पाण्यात लाईट नसताना ते वीस टक्के म्हणजे एका माणसाचा निरोप.

रसायनाच्या_बाई

@चिखलीची_लेक, तुमचं अगदी बरोबर आहे. बॅटरीचं आयुष्य माणसाच्या गरजेपुढं दुय्यम. पावसाळ्यात १०० टक्के ठेवा, फक्त उशीखाली ठेवू नका.

पुण्यातला_करवीरकर

ताई, माझा मुद्दा मागं घेतो. त्या आठवड्यात मी पुण्यात फोन हातात धरून बसलेलो. महामार्ग बंद, घरचा फोन लागत नाही. तिसऱ्या दिवशी आईचा आवाज ऐकला, अर्धा मिनिट. पैशाचं ॲप वेगळ्या फोनात, हे उत्तम.

गंगावेस_चहा

पावसाळ्यासाठी २०००० एमएएचची पॉवरबँक घेतलीय. ५००० चा फोन चारदा भरायला हवा ना? तीनदाच भरतो. फसवणूक आहे का?

उद्यमनगरी

@गंगावेस_चहा, फसवणूक नाही, मोजमाप वेगळं आहे. २०००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टला. २०००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ नं गुणलं की ७४ वॅट-अवर, म्हणजे आत साठणारी एकूण ऊर्जा. बाहेर पडते वीज ५ व्होल्टला किंवा जास्त, त्या बदलात थोडी उष्णता होऊन जाते. तुमच्या फोनच्या बॅटरीत १९ वॅट-अवरच्या आसपास मावते. तूट धरली की तीनदा, फार तर थोडं जास्त. एकदाही दोनच्या वर जात नसती तर मग शंका घ्यायची.

विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेत न्या, मोठ्या बॅगेत टाकायला बंदी आहे. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, तुमची ७४ ची आहे.

दहावीचा_मुलगा

चार्जिंगला लावून गेम खेळलं तर चालतं का? आई रोज ओरडते.

राजारामपुरीचा_कारागीर

आई बरोबर आहे. गेमनं प्रोसेसर तापतो, चार्जिंगनं बॅटरी तापते, दोघांच्या मधे दोन मिलिमीटरचं अंतर. पाठीला हात लावून बघ. हाताला चटका बसतोय असं वाटलं की पिन काढायची, कव्हर काढायचं आणि थांबायचं.

आणि सगळ्यांसाठी, नवी बॅटरी घेताना: पाकिटावर आयएस १६०४६ आणि आर नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. आपल्याकडं या बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मूळ बॅटरी ४००० ची आणि बदली ६००० ची, तीही त्याच मापात आणि निम्म्या किमतीत, असं कोणी देत असेल तर हात लावू नका. पाकिटातली जागा तेवढीच असते, जास्तीचं येणार कुठून? स्वस्त मालात बहुतेक वेळा बॅटरीच्या डोक्यावरचं संरक्षक सर्किट कच्चं असतं.

शाहूपुरीकर

मंडळी, सहा दिवसांनी परत येतोय.

बॅटरी बदलून झाली. कारागीरांनी सांगितल्या खुणा बघत एका लहान दुकानात गेलो. दुकानदारानं बॅटरी मागवली, चार दिवसांत आली. त्यावर आयएसचा क्रमांक होता, त्यानंच दाखवला. ११५० रुपये, सहा महिन्यांची हमी. मी समोर बसून बघितलं. स्क्रीन आधीच उचकटलेली असल्यानं त्यानं गरम तवा लावलाच नाही. म्हणाला, फुगलेल्या बॅटरीला ऊब द्यायची नसते. प्लास्टिकची पातळ पाती कडेनं फिरवली, आधी कनेक्टर काढला, मग बॅटरीच्या खाली ड्रॉपरनं स्पिरिटसारखं काहीतरी सोडून डिंक सैल केला आणि जवळपास दहा मिनिटं इंच इंच उचलली. बाहेर आली तेव्हा उशीसारखी गुबगुबीत. दाबली तर हलेल अशी. त्यानं दाबू दिली नाही. बॅटरी बदलल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगितली: फोन आता पाण्यापासून पूर्वीइतका सुरक्षित राहिलेला नाही, रंकाळ्यावर पावसात बाहेर काढू नका.

ओव्या निघाल्या. ४३ मिनिटं. तीन ठिकाणी ठेवल्यात: माझ्या लॅपटॉपवर, बहिणीकडं, आणि एका पेनड्राईव्हवर घालून देव्हाऱ्याच्या खणात, हा आईचा आग्रह. रात्री सगळ्यांनी बसून ऐकल्या. मधेच आजी थांबते आणि "आगं दूध बघ" म्हणते, मागं चुलीवर काहीतरी उतू जातं. ते मी विसरूनच गेलो होतो.

आईचा फोन आता रात्री खिडकीत, बाबांच्या शेजारी. कीर्तनासाठी तिला छोटा स्पीकर आणलाय. शंभराची नोट पर्समध्ये गेली, झेरॉक्स कपाटात. जोतिबाचा फोटो मात्र कव्हरात परत गेलाय. बाई, एका फोटोनं फरक पडेल का?

रसायनाच्या_बाई

एका फोटोनं नाही पडणार. राहू द्या. आणि ओव्यांचं वाचून फार बरं वाटलं.

जुना_गडी

मीही काल रात्री २८ टक्क्यांवर लावला. चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण लावला.

शाहूपुरीकर

आता एकच राहिलं. जुनी बॅटरी दुकानदारानं घेतली नाही, म्हणाला माझ्याकडं आधीच डबा भरलाय. ती आमच्या वाळूच्या पाटीत आहे. घंटागाडीत टाकायची नाही हे कळतं. मग द्यायची कुठं?

राजारामपुरीचा_कारागीर

घंटागाडीत तर नाहीच. कचऱ्यात दबली की पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, पण आपल्या गल्लीपर्यंत ती पोचलेली नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी साठलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडं नेऊन देतो. तुमचीही देतो. बॅटरीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, दोन्ही टोकं झाकली पाहिजेत, आणि पत्र्याच्या डब्यात वाळू घालून आणा.

चिखलीची_लेक

माझ्याकडं बी दोन हाईत, पुरातल्या फोनांच्या. घेणार का?

गंगावेस_चहा

माझ्याकडे एक जुनी पॉवरबँक, एका बाजूनं फुगलेली. इतके दिवस माळ्यावर होती. आत्ता उतरवून अंगणात ठेवली.

राजारामपुरीचा_कारागीर

घेतो की. पुढच्या रविवारी सकाळी मी रंकाळ्यावर चालायला असतो. डबे घेऊन या, प्रत्येकाची वेगळी, वाळू घालून. ऊन चढायच्या आत या, आठच्या आधी.